गप्प पाय

शुक्रवारी सकाळी चर्चच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. साखरेच्या दुखण्याने चिघळलेले पाय फडक्यांत गुंडाळून आसपासच्या सगळ्या बेटांवरून माणसं होडीने आली होती. मधोमध चटईवर पेनिसिमानी बसला होता, पुढ्यात तेलाची बाटली. देवदूताने स्वप्नात येऊन कृती सांगितली म्हणे. देवदूतालाही खोबरेलच सुचलं, याचं कालोलाइनेला हसू यायचं. पण ती होती गावच्या दवाखान्यातली साधी नर्स, तिला कोण विचारतो.

रोगी पुढे आला की पेनिसिमानी डोळे मिटून त्याच्या पावलावर दोन बोटं ठेवी.

"मी कोण बरं करणारा? मी आपला पायालाच विचारतो. बोल रे बाबा."

"बोलला" म्हणाला की तेल मिळे, आणि रोगी वीस दिवस त्याच्या पडवीत पाय रोज धुऊन, उशीवर ठेवून पडून राही. "गप्प आहे" म्हणाला की रोग्याने घरी जायचं, श्रद्धा वाढवायची आणि पुढच्या शुक्रवारी यायचं.

कालोलाइनेच्या वडिलांचा, माइकेलींचा, हा चौथा शुक्रवार होता. पायाची दोन बोटं काळी पडली होती, आणि आता काळेपणा घोट्याकडे सरकत होता.

"गप्प आहे," पेनिसिमानी म्हणाला.

माइकेलींनी फक्त थोरल्या बहिणीकडे पाहिलं. टोंगात घरात आत्याचा शब्द शेवटचा, आणि सेपिउता आत्यांनी सांगून ठेवलं होतं की तेल लागल्याशिवाय भावाच्या पायाला सुरी लागणार नाही.

राजधानीहून आलेल्या डॉक्टर आकोसितांवर गाव आधीच चिडलं होतं. चर्चच्या पंचांना चारशे जणांवर तेलाची मोठी चाचणी हवी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी वीस जणांवर. मोठ्या चाचणीची ही रंगीत तालीम.

"चारशे मरतायत आणि बाई वीसच मोजतायत," पंचांनी टोमणा मारला होता.

"चारशेंत चुकण्यापेक्षा विसांत चुकलेलं परवडलं," बाई म्हणाल्या होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी पेनिसिमानीने पसंत केलेल्या वीस जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. दहांना त्याचं तेल दिलं, दहांना दुकानातलं, सारख्याच बाटल्यांतून; कोणाला कोणतं, ते पाकिटात बंद करून ठेवलं. कालोलाइनेच्या वहीत आणखी एक रकाना होता: किती आले, किती परत गेले, का गेले. मोठ्या चाचणीला माणसं किती मिळतील, ते कळायला हा हवाच, असं बाईंनी बजावलं होतं. कालोलाइने कंटाळत तो भरत होती.

त्या शुक्रवारी दुपारी ते पाकीट फुटलं. त्याच्या तेलाने सात बरे झाले होते, दुकानातल्यानेही सात. म्हणजे तेलात काही नव्हतं. जे काही होतं ते धुण्यात आणि पडून राहण्यात. मग तिने तो कंटाळवाणा रकाना बेरजेला घेतला. आलेले त्रेपन्न, परत गेलेले तेहतीस. कारण एकच, गप्प. त्यांतल्या दोघांना पुरलंही होतं. आणि एक तिचा बाप.

ती पळत सुटली. जो भेटेल त्या परत पाठवलेल्याच्या पावलावर तिने दोन बोटं ठेवली. एकालाही नाडी लागेना. पायात रक्तच पोचत नसेल तर जखम कशाने भरणार? तो हरामखोर पायाशी बोलत नव्हता, नाडी बघत होता. बरे होणारे ठेवून घ्यायचे, मरणारे परत पाठवायचे. चारशे जणांची चाचणी केली असती तरी ते त्याच्याच बोटांनी निवडलेले असते, आणि वर्षभर हे असंच चाललं असतं.

"आत्या, तुम्ही स्वतःच्या पायाला हात लावून बघा," घरी येऊन ती म्हणाली. "इथे. लागतंय काही उडताना?"

"लागतंय. मग?"

"आता बाबांच्या."

आत्यांनी हात मागे घेतला. सख्ख्या बहिणीने भावाच्या अंगाला हात लावायचा नाही, ही रीत.

"पोरी, काय सांगतेयस कळतंय का तुला?"

"कळतंय. राजधानीच्या इस्पितळाकडे जाणारी उद्याची बोट चुकली तर पुढची मंगळवारी आहे."

आत्यांनी भावाकडे पाहिलं. मग खाली वाकून त्या काळ्या पायावर दोन बोटं टेकवली. सरकवली, पुन्हा टेकवली, घोट्यापर्यंत चाचपून पाहिलं.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"बोटीवर घाला त्याला."

पुढच्या शुक्रवारी पटांगणात पुन्हा गर्दी होती. फाटकाशी काळ्या कपड्यांत, कमरेला तिथल्या रिवाजाने भावाच्या सुतकाची चटई बांधून सेपिउता आत्या बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताची दोन बोटं धरून त्या पावलावर नाडी कुठे लागते ते दाखवत होत्या.

"तेल लावा नाहीतर नका लावू," त्या म्हणत होत्या. "बरे झालेले तो तुम्हाला दाखवीलच. परत पाठवलेले किती, ते मात्र तुम्ही विचारा. आणि तो पाय गप्प आहे म्हणाला तर त्याच दिवशी बोट गाठा. माझा भाऊ चार शुक्रवार थांबला. मी थांबवला."