गणसंख्येचे वडे

हडपसरला प्रेमलाच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात एकतर बाई मावायची, नाहीतर पातेलं. म्हणून शेगडी बेडरूममध्ये गेली आणि पलंग स्वयंपाकघरात. नवरा, सर्जेराव, ओट्याखाली पाय घालून झोपायचा. रोज दीडशे भाकरी डब्यांतून जायच्या आणि घर त्यांवरच चालायचं.

मग सोसायटीची नोटीस आली. नकाशात जे शयनगृह आहे, तिथे शयनच व्हावे.

"अवो, हितं आमचंच शेत हुतं," सर्जेराव सेक्रेटरी गोपाळकृष्णांना म्हणाला. "ह्याच जागी ज्वारी पिकायची."

"तेव्हा शेती विभाग होता. आता रहिवासी आहे," गोपाळकृष्ण शांतपणे म्हणाले. "भाकऱ्या तेव्हाच थापून ठेवायच्या होत्यात."

प्रेमला मात्र निर्धास्त होती. बंदीच्या ठरावाला सभेत पस्तीस सभासद लागत, आणि लिफ्ट कोसळली तेव्हाही नऊच आले होते. दोन सभा बारगळल्यासुद्धा.

तिसऱ्या सभेआधी गोपाळकृष्णांचा फोन आला. "वहिनी, रविवारी दोनशे बटाटेवडे हवेत. पार्किंगमध्ये, अकरा वाजता."

"कशासाठी?"

"सभा आहे."

"कुठली?"

"आपलीच."

"नाय म्हण की," सर्जेराव म्हणाला. पण दारात आलेल्या ऑर्डरला नाही म्हणायचं नसतं, हे सासूनं तिला कुंकवाबरोबर दिलेलं. तिनं मीठ विसरून बघितलं. हातानं ऐकलं नाही.

रविवारी वास जिन्यानं वर गेला आणि माणसं लिफ्टनं खाली आली. एकसष्ट. ज्या फ्लॅटना कुलूप आहे असा समज होता, तिथलेही आले.

"वासाचा फार त्रास होतो," एकजण तिसरा वडा उचलत म्हणाला.

ठराव वाचून झाला. "मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत."

कुणीच करेना. एका हातात बशी, दुसऱ्यात वडा. गोपाळकृष्ण वाट पाहत राहिले. प्रेमलाला वाटलं, वाचलो. त्या आनंदात तिनं सवयीनं झारा उंचावला. "चटणी कुणाला?"

बशा खाली ठेवल्या गेल्या. झाडून सगळे हात वर झाले.

गोपाळकृष्णांनी मोजले. "एकमताने मंजूर."

"अवो, ते चटणीला व्हते," प्रेमला म्हणाली. तिनं सगळ्यांकडे पाहिलं. खुलासा करायचा तर घास गिळावा लागला असता.

"माझं बी मत धरलं?"

"आपला झारा सर्वांत वर होता. उद्यापासून बंद."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वहिनी, चटणी?"

प्रेमला आणायला गेली. बेडरूममध्ये.