अर्ध्या मिलिमीटरची अचूकता

जमिनीचं कवच वर्षाला किती सरकतं ते उपग्रहांच्या मदतीने मोजायचं, हे आमच्या कार्यालयाचं काम. नऊ ठिकाणी सिमेंटचे खांब आणि प्रत्येकावर एक अँटेना. आठ खांब गुणी बाळं. नववा माझ्या मावशीच्या अंगणात, टेकडीच्या उतारावर. त्या उतारावर घर तिचं एकटीचंच. खांब मीच बसवला होता, आणि मावशी रोज त्यावर फडकं मारायची.

गेल्या महिन्यात हा नववा खाली सरकायला लागला. आधी चार मिलिमीटर, मग नऊ, मग एकवीस. आलेख घेऊन मी साहेबांकडे गेले.

"हा एकटा सगळ्यांची अचूकता बिघडवतोय," साहेब म्हणाले. "वगळा त्याला. परिषदेत मला अर्धा मिलिमीटर दाखवायचाय."

"साहेब, खांब ठीक आहे. उतारच सरकतोय."

"आपण कवच मोजतो, टेकड्या नाही. ही स्थानिक गडबड आहे."

वा रे शास्त्र! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होत होतं, तर साहेबांनी अंगणच वगळलं. आलेख मात्र काय देखणा झाला, दृष्ट काढावी असा!

मी मावशीला फोन केला. "थोडे दिवस माझ्याकडे ये. तुझं घर एकवीस मिलिमीटर सरकलंय."

"म्हणजे किती गं?"

"अंगठ्याच्या रुंदीएवढं."

"इश्श! झाडताना माझं कपाट याहून जास्त सरकतं."

शेवटी खोटं बोलले. म्हटलं, मला ताप आहे, करायला कोणी नाही. तासाभरात बाई पिशवी घेऊन दारात हजर. माझं कपाळ गार लागल्यावर तिने मला जे झापलं, ते आयुष्यभर पुरेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी उतार खाली आला. घर गेलं, कपाटही गेलं. मी स्वयंपाकघरात बसून रडले. मावशी रडली नाही, नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुपारी साहेबांचा फोन. मी स्पीकर लावला.

"नववा आधीच वगळला ते बरं झालं हं! नाहीतर आजच्या दिवसाने सगळा निकाल मातीत गेला असता."

मावशीने माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, मी नवव्याची मावशी. तुम्ही फार बारीक मोजता म्हणे. मग माझं घर आता कुठे आहे, तेवढं सांगता का?"