सुखीबाईनं सांगितलेलं

“मले मातीत नोको ठेवजो, उज्ज्वला. राजूच्या बापाजवळ जाळजो. कोनी इचारलं त सांगजो, मीच म्हनलं म्हून.”

काल दुपारचा तो आवाज अजून उज्ज्वलाच्या कानात होता, आणि हात त्याच सुखीबाईचे थंड पडलेले पाय पुसत होते. दवाखान्याच्या मागच्या पडवीत चादरीचा आडोसा करून तिला आंघोळ घातली होती. कोपऱ्यात दवाखान्यातली दुसरी आया बबिता पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती.

“मावशी, हातावरचं गोंदन झाकीन ना ह्या पोलक्यानं?”

“कायले झाकाचं?”

“तसं नाई व. तांड्यातले येतीन, चर्चची सारी मंडळी येईन. आपल्या जागेतली पहिलीच माती हाये. नीट दिसली पाह्यजे.”

सुखीबाईच्या पायाच्या भेगांत अजून शेतातली काळी माती होती. ती धुतल्यानं जाणार नव्हती.

घाटंजीतल्या त्या लहानशा मिशन दवाखान्यात उज्ज्वला आया होती. भांडी उकळायची, चादरी बदलायच्या, आणि पेशंट गेला की नातेवाइकांसमोर उभं राहायचं. माणसं नेहमी तेच विचारत, “शेवटी काय बोलला?” जे ऐकलं तेवढंच ती सांगे. काही बोलला नसेल तर “काही नाही बोलले” असं सांगे. कंपाउंडर चिडायचा. “तुमचं नाव घेतलं म्हून सांगून टाकत जा ना मावशी, काय जाते तुमचं?” तिला ते जमत नसे. बाया रडता रडता तिच्याकडे रागानं बघत. पण गावोगावी हेही पसरलं होतं की उज्ज्वलाबाई सांगते ते खरं असतं.

सुखीबाई पहिल्यांदा आली ती पायाच्या जखमेवर पट्टी करायला. बंजारा तांड्यावरची विधवा, मुलगा राजकुमार, तिचा राजू, वणीकडे कोळशाच्या ट्रकवर. पट्टी झाली तरी उठेना. मग रोज येऊ लागली, जखम भरल्यावरही. उज्ज्वलाची सकाळची प्रार्थना पायरीवर बसून ऐके, मध्येच विचारे, “तुह्या देवाले आमची गोरमाटी बोली समजते का, का मराठीतच बोला लागते?” दोन वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तांड्यानं तिला पंगतीतून उठवलं.

उज्ज्वला तिला अक्षरं शिकवायला बसली होती. ‘क’च्या पुढे गाडी गेली नाही. एकदा तिनं वाचून दाखवलं, की देवानं आपला नियम माणसाच्या हृदयावर लिहिला आहे. सुखीबाईनं पाटी बाजूला ठेवली.

“आतच लिहून ठेवलं हाये त मले हे आकडे-टाकडे कायले गिरवायले लावून राह्यली?”

दोघी खूप हसल्या होत्या.

मंडळीला दफनभूमीची जागा मिळून वर्ष झालं नव्हतं. तिथं कडुलिंबाखाली दोन कबरींपुरती बरी जमीन आहे, हे उज्ज्वलानंच सुखीबाईला दाखवलं होतं. एक तुझी, एक माझी. उज्ज्वलाला दुसरं होतं कोण? नवरा कधीच गेला, मूल झालं नाही. सुखीबाई तेव्हा हसली होती, पण हो म्हणाली नव्हती. ते उज्ज्वलाला काल कळलं.

काल दुपारी चर्चचे पाळकसाहेब तिच्या खाटेशी प्रार्थना करून, प्रभुभोजन देऊन गेले. ताप नव्हता. सुखीबाई शुद्धीत होती.

“आमचे मालक मरून राह्यलते तवा म्या त्याइले शब्द देल्ला. तिथंच येतो म्हनलं, तुमच्या बाजूले. तुह्या येशूकडं तं मी मागून आली. पन तो शब्द त्यानंबी ऐकलाच असन ना?”

“असं नको बोलू.”

“राखेतून नाई उठवता येत का त्याले?”

उज्ज्वलानं तिच्या अंगावरची चादर सारखी केली. “येतं,” ती म्हणाली.

“मंग झालं त.”

पहाटे सुखीबाई गेली.

पाळक धर्मपाल साडेसातच्या सुमारास आले. चपला चिखलानं भरलेल्या. खोदणाऱ्यांबरोबर स्वतः उभे होते. साधा माणूस. त्या जागेसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवताना त्यांचे केस पांढरे झाले होते. पाळकीणबाईंनी चहा पाठवला होता. शुक्रवार असल्यानं उज्ज्वलानं तो बबिताला दिला, शुक्रवारी ती सांजेपर्यंत पाण्यावरच राही. मग तिनं पाळकसाहेबांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

पाळकसाहेबांनी पडवीकडे एकदा वळून पाहिलं.

“अजून कोणी ऐकलं?”

“कोणी नाही.”

“उज्ज्वलाबाई, आज ही बाई जाळली गेली तर उद्या तांडा म्हणेल, शेवटी परत आली. तिच्या मागं येऊ पाहणारी दोन-तीन घरं आहेत, ती दारातूनच फिरतील. मरताना माणूस काहीही बोलतं. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. फक्त गप्प राहा.”

त्यांचा आवाज विनवणीचा होता. तो दरडावणीचा असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यातून तिला स्वतःलाही तेच हवं होतं. रविवारी उपासनेनंतर कडुलिंबाखाली जाऊन बसायचं, दोन फुलं ठेवायची, आठवड्याचं काय काय झालं ते सांगायचं. तोंड बंद ठेवलं की एवढं सगळं मिळणार होतं.

बाहेर टेम्पो थांबला. राजकुमार आधीच येऊन दारात उभा होता, डोळे लाल, अंगावर कोळशाची धूळ तशीच. टेम्पोतून तांड्यातली माणसं उतरली. पुढं धावजी, सुखीबाईचा थोरला दीर, डोक्याला पागोटं.

“आमची बाई हाये,” धावजी म्हणाला. “माया भावाची बायको हाये. हिले आमी नेतो.”

“काका, थांब,” राजकुमार आडवा झाला. “तिनं देव बदलला तं तुमी तिले पंगतीतून उठवलं. आता मेल्यावर तुमची झाली?”

“पंगतीतून उठवलं, खरं हाये,” धावजी खाली बघत म्हणाला. “पन ताट घरी पोचवत होतो रे. तुह्या काकीले इचार.”

“ताट पोचवत होता! माया याडीले काय कुत्रं समजला का?”

“आन् तू कवा आलता तिले पाहाले? होळीले? दिवाळीले?”

राजकुमार वळला आणि एकदम उज्ज्वलासमोर आला.

“मावशीले इचारू. ही खोटं नाई बोलत. माया मामा इथंच मेलता, तवा आमी सारे इचारून राह्यलो, काय बोलला, काय बोलला. हिनं तोंडावर सांगतलं, काईच नाई बोलला म्हून. लय राग आलता मले.” त्यानं नाक पुसलं. “मावशी, मातीत ठेवा म्हने ना याडी? तू निस्ती मान हालव. मंग पाहातो कोन नेते तिले.”

बबिता साडी छातीशी धरून उभी होती. पाळकसाहेब जमिनीकडे बघत होते.

मानही हलवायची गरज नव्हती. ती नुसती उभी राहिली असती तरी पोरगा समजून गेला असता. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं पाळकसाहेब म्हणाले होते, आणि ते शिकलेले होते. पण तिच्या आत कोणीतरी होतं, ज्याला ते पटत नव्हतं. ते ओरडत नव्हतं, भीतीही घालत नव्हतं. नुसतं तिच्याकडे बघत होतं.

“जाळा म्हणाली,” उज्ज्वला हळू बोलली. “तुझ्या बापाजवळ. त्याला शब्द दिला होता, म्हणाली.”

राजकुमारनं चादरीच्या आडोशाकडे पाहिलं. “म्हंजे म्या तिच्यासाठी भांडून राह्यलो, आन् ती... मले काहून नाई सांगतलं तिनं?”

धावजीनं पागोटं काढून हातात घेतलं. आपण जिंकलो असं त्याच्या तोंडावर कुठं नव्हतं. त्यानं बरोबरच्या एकाला टेम्पोतून लाल फेटिया आणायला सांगितला. सुखीबाईनं तो घागरा बाप्तिस्म्यानंतर जावेला देऊन टाकला होता. जावेनं तो एकदाही घातला नव्हता.

पाळकसाहेब उज्ज्वलाजवळ आले.

“खड्डा खोदून झालाय, बाई. मंडळीला काय सांगू मी?”

“मी सांगितलं म्हणून सांगा.”

“स्मशानघाटावर मंडळीतलं कोणी येणार नाही. आमच्या नावानं तिथं प्रार्थनाही नको.” एवढं बोलून ते चष्मा पुसत राहिले, मग चालू लागले. फाटकाशी क्षणभर थांबले, पण वळले नाहीत.

बबितानं साडीची घडी घातली. “आपल्या हातानं देऊन टाकलं मावशी तुमी तिले,” ती म्हणाली. “आपली होती ती.”

“हो,” उज्ज्वला म्हणाली. “आपली होती.”

दोघींनी मिळून सुखीबाईला फेटिया नेसवला. कमरेला सैल झाला होता. उज्ज्वलानं नाडी दोनदा ओढून बांधली. टेम्पोत ठेवताना पायाकडची बाजू राजकुमारनं धरली. मग तो खाली उतरून परत आला.

“मावशी, आमच्या बाया घाटावर येत नाई. पन तिच्या देवाचं कोनी बोललं पाह्यजे ना तिथं? मले नाई येत ते. काकाले तं नाईच येत. तू येशीन?”

उज्ज्वलानं धावजीकडे पाहिलं. तो टेम्पोच्या दाराशी घुटमळत होता.

“जरा दूर उभी राहा, बाई,” तो म्हणाला. “कोनी काई बोलनार नाई. मी हाये.”

“येईन,” ती राजकुमारला म्हणाली.

टेम्पो माणसांनी भरला होता. ती पायी येते म्हणाली. बादली पालथी घातली, फडकी पिळून तारेवर टाकली, वॉर्डच्या किल्ल्या बबिताच्या हातात दिल्या. बबितानं त्या घेतल्या, पण तिच्याकडे बघितलं नाही.

बाहेर ऊन चढलं होतं. टेम्पो वळणापलीकडे दिसेनासा झाला होता. आज तिच्या प्रार्थनेला आमेन म्हणायला कोणी असणार नव्हतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि तांड्याच्या रस्त्याला लागली.