तोंडी सूचना

चिनी पंचांगातला सातवा महिना लागला तसं चुआशेठनं पेन खिशात घातलं ते घातलंच. या महिन्यात मेलेल्यांचे आत्मे मोकळे सुटतात, मग नव्या कामाला हात लावायचा नाही की कशावर सही करायची नाही. जॉर्जटाऊनमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. बँकेचा मॅनेजरसुद्धा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो आणि समोरचा मुकाट मान डोलावतो. पण खाव लायपेंगचं घोडं नेमकं त्या एका सहीपाशी येऊन अडलं होतं.

लायपेंग तेओ बॉसच्या कंपनीत खर्च आणि करार सांभाळायची. कंपनी जुन्या इमारती दुरुस्त करून देणारी. नवी इमारत बांधणं त्या मानानं सोपं हो, कागदावर असतं तेच जमिनीवर येतं. जुन्या घराचं प्लास्टर खरवडलं की आत काय निघेल याचा काही नेम नसतो. कुठे वाळवी, कुठे सडकी तुळई, कुठे पायाच नसलेला खांब. आणि जे निघेल त्याचा खर्च कुणाच्या बोडक्यावर घालायचा यावरून मालक, आर्किटेक्ट आणि ठेकेदार वर्षभर एकमेकांच्या उरावर बसतात. या भांडणात कंपनीच्या बाजूनं लढायची ती लायपेंग. जिभेनं तिखट आणि पत्रात त्याहून तिखट. आर्किटेक्टच्या ऑफिसात तिचं पाकीट आलं की तू फोड, नाही तूच फोड असं चालायचं.

सध्याचं काम चुआशेठच्या तीन जोडघरांचं होतं. खाली दुकान, वर घर, अशी जुनी एकमेकांना चिकटलेली घरं. त्यांचं शेठला छोटं हॉटेल करायचं होतं. साइटवर सुपरवायझर होता कदिरेसन. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा आणि बढाईखोर माणूस. पन्नाशी उलटली तरी शिडी चढून दाखवायची हौस गेलेली नव्हती. लायपेंगला तो तंगच्ची म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. ती त्याला अण्णे म्हणायची. दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजायचं, आणि दिवाळीला त्याच्या बायकोच्या हातची चकली सगळ्यात आधी लायपेंगच्या टेबलावर यायची.

वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. आधी काम करून टाकायचं आणि पैशाचं मागाहून बोलायचं, ही या गावातल्या सगळ्याच साइटवाल्यांची जुनी खोड, आणि कदिरेसन तर त्यांचा म्होरक्या. मागे एका शाळेच्या कामात त्यानं सगळं छत खाली येतंय म्हणून आरडाओरडा केला, कुणाला न विचारता परांची उभी केली, भाड्यानं लोखंडी टेकू आणले आणि दोन महिने ते तसेच ठेवले. छत खणखणीत निघालं. शाळेनं एक सेनचं नाणंसुद्धा दिलं नाही. ‘तुम्हाला सांगितलं कुणी?’ एवढंच विचारलं. त्या वर्षी कुणाला बोनस मिळाला नाही, ऑफिसातली दोन माणसं घरी गेली. बॉसनं कदिरेसनला दोन शिव्या घातल्या आणि उरलेल्या सगळ्या लायपेंगला घातल्या, कारण पैशावर लक्ष ठेवणं तिचं काम. तेव्हापासून तिनं नियमच केला. लेखी सूचना हातात आल्याशिवाय जादा कामाचा एक खिळा ठोकायचा नाही.

आता या तीन घरांपैकी शेवटच्या घराची भिंत शेजारच्या आह हेंगच्या दुकानाशी सामाईक होती. प्लास्टर काढल्यावर कदिरेसननं विटांवर बोट फिरवलं तर चुना पिठासारखा गळाला. त्यातून दोन्ही घरांच्या मजल्याच्या तुळया त्या एकाच भिंतीत समोरासमोर रोवलेल्या. आपल्या बाजूच्या सडक्या तुळया काढल्या तेव्हा भिंतीला ओळीनं भगदाडं पडली, आणि पलीकडचा मजला तेवढ्या पोकळ विटांवर राहिला. त्या मजल्यावर आह हेंग, त्याची बायको, दोन पोरी आणि म्हातारा बाप झोपायचे. आह हेंग मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी वस्तू बनवायचा. कागदाचे बंगले, मोटारी, नोकरचाकर, हल्ली तर मोबाईलसुद्धा. महिनाभर दुसरीकडे राहायला जा म्हटल्यावर तो चक्क हसला. याच महिन्यात वर्षाची कमाई होते, आत्ता दुकान सोडून जाऊ कुठे, असं त्याचं म्हणणं. तेही काही चूक नव्हतं.

भिंतीला दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू लावायला हवे होते. एक ट्रकभर सामान आणि पाचसहा माणसं. आर्किटेक्ट म्हणाला, टेकू ही ठेकेदाराची जबाबदारी. लायपेंगनं उलट लिहिलं की भिंत आतून अशी आहे हे तुमच्या नकाशात कुठेच नव्हतं, सबब हे जादा काम आहे, सूचना द्या, मगच करू. भिंत धोक्याची आहे हेही तिनं स्वच्छ लिहिलं. करारानं तिचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी आर्किटेक्ट नमला, त्यानं सूचना तयार केली आणि मालकाच्या सहीला पाठवली. आणि चुआशेठचं पेन खिशात.

लायपेंगनं दोनदा फोन केला. महिना संपला की पहिली सही तुझीच, असं शेठनं तिला गोड शब्दांत सांगितलं. ती तरी काय बोलणार? तिच्याही घरी दारात उदबत्त्या लागलेल्या, आईच्या नावानं कागद जाळायचे होते. शंभर वर्षं उभी राहिलेली भिंत अजून तीन आठवडे उभी राहील, असं तिनं मनाला समजावलं.

रविवारी सकाळी ती घराखालच्या हॉटेलात नूडल सूप खात होती तेव्हा कदिरेसनचा फोन आला. आह हेंगनं त्याला बोलावून घेतलं होतं. रात्री वरच्या मजल्याची जमीन हलली, जिन्याजवळ चीर होती ती आता बोटभर रुंद झालीय, असं आह हेंगचं म्हणणं. कदिरेसन तिथे जाऊन बघून आला होता आणि आता घरून बोलत होता.

“तंगच्ची, ट्रक मागवतो. आजच टेकू लावून टाकतो.”

“सूचना आलेली नाही, अण्णे.”

“माहितीये. तू फक्त हो म्हण.”

लायपेंगनं चमचा खाली ठेवला. शाळेचं छत तिच्या डोळ्यांसमोर आलं, बॉसचा लालबुंद चेहरा आला, घरी पाठवलेल्या दोघांपैकी एकीचं लग्न तोंडावर होतं तेही आठवलं. याची ही कितवी ओरड, असंही मनात येऊन गेलं.

“मी हो म्हटलं तर तो खर्च आपल्या अंगावर बसेल,” ती म्हणाली. “महिना संपू दे. मला नका विचारू.”

“भिंतीला महिना कळतो होय?”

“अण्णे, नाही म्हणजे नाही.”

तो काहीतरी पुटपुटला आणि त्यानं फोन ठेवला. लायपेंगनं सूप संपवलं. गार झालं होतं तरी संपवलं.

कदिरेसन दुपारी साइटवर गेला. ट्रक मागवला नाही, कारण शाळेच्या प्रकरणानंतर टेकूंच्या आगाराला कंपनीची ऑर्डर लागायची, आणि ती लायपेंगच्या हातात होती. माणसं बोलावली नाहीत, कारण रविवारची दुप्पट मजुरी कोण देणार? जवळच राहणाऱ्या मोफिज नावाच्या बांगलादेशी गवंड्याला तेवढं हाक मारून घेतलं. दोघांनी पाडकामातली जुनी लाकडं निवडली आणि भिंतीला एकेक करून द्यायला सुरुवात केली. आह हेंगच्या बाजूनं चार लाकडं उभी राहिली आणि पलीकडचा मजला त्यांनी धरला. मग ते आपल्या बाजूला आले. मोफिज पाचर आणायला अंगणात गेला तेवढ्यात भिंत कदिरेसनच्या अंगावर आली. आह हेंगचं सगळं कुटुंब वर होतं. त्यांच्यातल्या कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. कदिरेसनला बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि त्याच्यात जीव उरलेला नव्हता.

सोमवारी बॉसनं लायपेंगला आत बोलावून दार लावून घेतलं. तेओ बॉस तसा दगडाच्या काळजाचा नव्हता, रात्रभर शवागाराबाहेर तोच बसून होता. डोळे सुजलेले. पण कंपनी त्याच्या बापाची होती आणि ती त्याला वाचवायची होती. कामगार विम्याचे लोक चौकशीला येणार, सुरक्षा खात्याचे येणार. कदिरेसनला कंपनीनं पाठवलं असं ठरलं, तर काम बंद, खटला, वर चुआशेठचा उशिराचा दंड. तो आपल्या मर्जीनं गेला असं ठरलं तर कंपनी सुटते. उलट कोसळलेल्या भिंतीपायी मुदतवाढ मागता येते, आणि ती कशी मागायची हे लायपेंगशिवाय कुणाला कळत होतं?

“तू एवढंच सांगायचं की कुणी सूचना दिली नव्हती,” बॉस म्हणाला. “खोटं बोल म्हणत नाही मी तुला. खरंच नव्हती दिली.”

खरंच नव्हती. लायपेंगनं विचारलं की मग त्याच्या बायकोला विम्याचं काय मिळेल. बॉसनं खिडकीबाहेर बघितलं. रविवार, साइट बंद, हुकूम कुणाचा नाही, म्हणजे माणूस कामावर नव्हता. कंपनी आपल्या परीनं काहीतरी देईल, असं तो म्हणाला. कंपनी आपल्या परीनं किती देते हे लायपेंगला चांगलं ठाऊक होतं, तो आकडा दरवेळी तीच काढायची.

ती टेबलापाशी येऊन बसली आणि तिला स्वतःची शिसारी आली. बारा वर्षं तिनं लोकांना एकच प्रश्न विचारला होता, सांगितलं कुणी? समोरचा गप्प बसला की ती जिंकायची. आता तोच प्रश्न सगळे तिच्याच तोंडून कदिरेसनला विचारवून घेणार होते, आणि तो बिचारा गप्पच बसणार होता.

धंद्यात एक रीत आहे. घाईगर्दीत एखादं काम तोंडी सांगितलं गेलं, तर सांगितल्यापासून आठवड्याच्या आत त्याची लेखी पुष्टी करायची. मग ती तोंडी सूचना लेखीसारखीच धरतात. लायपेंगनं कंपनीचा कागद घेतला. रविवारी सकाळी फोनवरून मी सुपरवायझर कदिरेसन यांना सामाईक भिंतीला तातडीनं टेकू देण्याची तोंडी सूचना दिली, त्याची ही पुष्टी, असं लिहिलं. खाली नाव, सही, तारीख. फोनच्या नोंदीत त्या वेळचा कॉल होताच, तीन मिनिटांचा. आत काय बोलणं झालं हे सांगायला आता ती एकटीच उरली होती. प्रती विमा कार्यालयाला गेल्या, सुरक्षा खात्याला गेल्या, एक बॉसच्या टेबलावर गेली. बॉसनं वाचून तिला एवढंच विचारलं की तुला वेड लागलंय का. संध्याकाळी तिचा संगणक बंद केला होता, म्हणजे नोकरी गेली. तिनं गाठलेला वकील म्हणाला, धोक्याच्या भिंतीपाशी माणूस धाडल्याचा गुन्हा आता तुझ्या नावावर, दंडावर भागलं तर नशीब समज, नाहीतर आत जायची तयारी ठेव.

बाराव्या-तेराव्याची गर्दी ओसरल्यावर ती बटरवर्थला कदिरेसनच्या फ्लॅटवर गेली. त्याची बायको तिलगा भुईवर चटई टाकून बसली होती. मुलगी कॉलेजला गेलेली. मिशांवर ताव दिलेला कदिरेसन भिंतीवर हारात होता. वाटेत ठरवलेलं सगळं ती एका दमात बोलून गेली.

“अक्का, मीच सांगितलं होतं त्यांना जायला. तसं लिहून दिलंय. विम्याचे लोक येतील तेव्हा तुम्हीही तेच सांगा, म्हणजे पेन्शन चालू होईल.”

तिलगानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही फारसा नव्हता.

“तुझा फोन झाला तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले होते,” ती म्हणाली. “कानानं कमी ऐकू यायचं त्यांना. मोठ्या आवाजावरच लावायचे फोन.”

लायपेंगनं मान खाली घातली.

“घाबरू नकोस. तू म्हणतेस तेच सांगेन. पोरीची दोन वर्षं राहिलीत, मला पैसे हवेत.” तिलगानं चटईची सुटलेली काडी आत खोवली. “एवढं मात्र मला सांग. आज जे लिहून दिलंस ते त्या दिवशी तोंडानं म्हणाली असतीस, तर ते ट्रक घेऊन गेले असते ना? माणसं घेऊन? लोखंडी टेकू घेऊन?”

“हो, अक्का.”

“नाही म्हणालीस म्हणून लाकडं घेऊन गेले.”

“हो.”

तिलगानं मान हलवली, एखादी गोष्ट नक्की कळली म्हणजे हलवतो तशी. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि लायपेंगसाठी दार उघडून उभी राहिली.