कोरडा आकडा

“लिहू नकोस म्हणतोय ना! ओतून दे ते पाणी आणि लिही शून्य!”

मापबाईचा थोरला दीर बांधावरून ओरडत होता. सकाळचे साडेआठ वाजले होते. मी शेजारच्याच वावरात करपलेली धाटं उपटत होतो, त्यामुळे शब्दन् शब्द कानावर येत होता.

तिचं शेत डोंगराच्या पायथ्याशी. कोपऱ्यात सिमेंटचा ओटा, त्यावर पावसाचं पाणी धरणारं भांडं. नवरा गेल्यावर हवामान कचेरीनं तिला हे काम दिलं होतं. भांड्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, नळी डोळ्यांसमोर धरून आकडा बघायचा आणि फोनवरून शहरात कळवायचा. म्हणून गावानं तिचं नावच मापबाई पाडलं. मी तिला वहिनी म्हणायचो.

“एकोणीस मिलीमीटर भरलाय, दादा. शून्य कसा लिहू?”

“आणि चारा? महिन्याचा पाऊस पन्नासच्या आत असला तरच सरकारी चारा मिळणार. काल बावीस लिहिलास, आज एकोणीस. उद्या एक सर आली की बसलो बोंबलत! गवत काय पाऊस पडल्या दिवशी उगवतं?”

दिराचं काही खोटं नव्हतं. दोन महिने रान करपून गेलं होतं. माझीच गाय तीन दिवस उठली नव्हती. पोटाखालून दोर घालून आम्ही तिला उभी करायचो, की ती पुन्हा फतकल मारायची. मी मान वर करून म्हणालो, “वहिनी, चारा येईपर्यंतच. मग लिहा खरं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. नळी उपडी केली.

पुढचे आठ दिवस पाऊस रोज पडला आणि रोज शून्य गेलं. काळी माती लोण्यासारखी झाली. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जायचा.

नवव्या दिवशी शहरातून फोन आला. कचेरीतले साहेब स्वतः बोलत होते. वहिनीच्या ओसरीत तिचा दीर, तिची जाऊ, गावचा कारभारी आणि मी, असे बसलो होतो. कारभाऱ्यानं खूण केली तशी तिनं फोनचा आवाज मोठा केला.

“बाई, रडारवर तुमच्या डोंगरावर आठवडाभर दाट ढग दिसतायत. आणि तुमचा आकडा शून्य?”

वळचणीचं पाणी टपटप पत्र्याच्या बादलीत पडत होतं. दिरानं पटकन उठून बादलीत पोतं कोंबलं. आवाज बंद झाला.

“ढग येतात, साहेब, पण वाऱ्यानं पुढं जातात,” वहिनी म्हणाली.

“असं होतं कधीकधी. मी विचारतोय ते वेगळ्या कारणासाठी. उद्या दुपारी मोठा पाऊस आहे. जमीन कोरडी असेल तर पिऊन टाकेल. आधीच भिजलेली असेल तर सगळं पाणी ओढ्याला येईल, मग खालच्या लोकांना आजच उठवावं लागेल. रडारला ढग दिसतो, बाई, जमीन दिसत नाही. जमीन तुम्ही सांगायची.”

जाऊ तिच्या कानाशी वाकली. या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या, एका ताटात जेवणाऱ्या. जाऊ म्हणाली, “ट्रक निघालाय गं. एवढा एकच दिवस.”

“कोरडी आहे, साहेब,” वहिनी म्हणाली.

सकाळी ट्रक आला आणि ओढ्यापाशीच चिखलात रुतला. ट्रकवरचा गडी हसत उतरला. “दुष्काळाच्या गावात पहिल्यांदाच फसलोय बाबा!” आम्हीही हसलो. ट्रक वर येईना, म्हणून चारा ओढ्याकाठी दिराच्या गोठ्यात उतरवला आणि रिकामा ट्रक ढकलून माघारी लावला. मी चार पेंढ्या डोक्यावर घेऊन घरी नेल्या. गाईनं बसल्या बसल्या तोंड घातलं.

दुपारी आभाळ फाटलं. जमिनीनं थेंबभरही पाणी घेतलं नाही. जाऊ चाऱ्यावर ताडपत्री टाकायला गोठ्यात गेली होती. ओढा वळणावरून आला तो भिंतीसारखाच आला. गोठा गेला, चारा गेला, तीही गेली. दिवस मावळताना ती कुंपणाच्या तारेत सापडली. हातात ताडपत्रीचं टोक होतं, ते सोडवायला दोघं लागले.

आठ दिवसांनी साहेब चौकशीला आले. कारभाऱ्याच्या ओसरीत गाव जमलं.

“आम्ही अडाणी माणसं,” कारभारी म्हणाला. “नळीतलं आम्हाला काय कळतंय? बाई भांड्याकडं फिरकतच नव्हती. घरात बसून आकडे लिहायची.”

दीर उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. “माझी बायको हिनं खाल्ली, साहेब. आळसापायी खाल्ली.”

वहिनी खांबाला टेकून उभी होती. साहेबांनी तिला विचारलं, “कुणी लिहायला लावलं का? कुणाच्या समोर झालं हे?”

तिनं कारभाऱ्याकडे पाहिलं नाही, दिराकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. साहेबांची नजरही तिच्या मागोमाग आली. “तुमचं वावर लागून आहे ना? तुम्ही काय ऐकलंत?”

सकाळीच माझी गाय आपल्या पायांवर उभी राहिली होती. घरी दोन पेंढ्या अजून शिल्लक होत्या, त्या कुणी परत मागू नयेत एवढंच माझ्या मनात होतं.

“मी कामात असतो, साहेब,” मी म्हणालो. “मला काही ऐकू आलं नाही.”

वहिनी म्हणाली, “आकडा माझ्याच हातानं लिहिलाय. दुसऱ्या कुणाला विचारू नका.”

त्याच दिवशी साहेबांच्या माणसांनी भांड्याचे नट सोडवले आणि ते गाडीत घालून नेलं. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी ती साडेआठला रिकाम्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. पहाटे जोराची सर येऊन गेली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, तेव्हा मला राहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून बांधावरून म्हणालो, “वहिनी, पहाटे चांगलाच झाला की. किती झाला असेल?”

ती वळली नाही.

“तुम्हाला किती हवाय, भाऊजी?”