कोइवूचा थांबा आणि साहेबांचा लाल पायजमा

आमचं कोइवू चाकांवर वसलेलं गाव. स्टेशन आणि सासूबाईंची खानावळ तेवढी जमिनीवर, बाकी लाकूडतोड्यांची घरं वॅगनवर. आसपासची झाडं संपली की इंजिन यायचं आणि घरं पुढच्या जंगलात ओढून न्यायचं. निघायला तयार असलेल्या घराने दारावर लाल फडकं लावायचं, एवढाच काय तो नियम. पोरं मागे ठेवून गेलेली घरंही मी पाहिली आहेत.

त्या हिवाळ्यात माझे दिवस भरत आले होते. डॉक्टर शहरात, आणि शहर गाठायचं ते गाडीनेच. नेमके तेव्हाच रेल्वेचे पेटिग्रूसाहेब थांबा बंद करायला ट्रॉलीवरून आले.

"इथे कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. गाडी कशाला थांबवायची?"

"माझी सून चढणार आहे," लेम्पी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या.

"एका बाईसाठी?"

"साहेब, थंडीने आखडलात तुम्ही. आधी सौनात बसा, मग काय ते ठरवा."

आम्हा फिनिश लोकांचा सगळ्यावर हाच उपाय. आमचं वाफेचं न्हाणीघरही वॅगनवरच होतं. सासूबाईंनी साहेबांचा कोट आणि विजार इस्त्रीला नेली. साहेबांनी आतला लाल लोकरी पायजमा काढला आणि व्यवस्थित दाराबाहेरच्या खुंटीला टांगला.

थोड्या वेळाने इंजिनवाला टाउनो आला. त्याने लाल फडकं पाहिलं, वॅगन जोडली आणि निघाला. आतून आरडाओरडा ऐकू आला म्हणे.

"मला वाटलं, गरम पाण्याने पोळलं असेल. सौनात ओरडतातच की माणसं!" तो नंतर सांगत होता.

रात्री मला कळा सुरू झाल्या. सकाळची गाडी थांबेल की नाही, या धास्तीने सासूबाई फलाटावर परातच बडवत उभ्या होत्या.

गाडी थांबली. लाल पायजमा, खांद्यावर घोंगडी, केसांत सौनात अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळीची पानं अशा थाटात, पुढच्या जंगलातून गाडी पकडून आलेले पेटिग्रूसाहेब खाली उतरले.

"माझी विजार!"

"देते. आधी सुनेला वर घ्या."

साहेबांनीच मला हात देऊन वर चढवलं. सासूबाईंनी विजार पुढे केली, पण सोडली नाही.

"एक उतरला, पोटातलं धरून दोघं चढली. आता बोला साहेब."

डब्यातले उतारू खिडक्यांना चिकटले होते.

"थांबा राहील! सोडा आता!" साहेब ओरडले.

कोइवूची शेवटची झाडं पडेपर्यंत गाडी थांबत राहिली. साहेब दर हिवाळ्यात सौनाला यायचे. पायजमा मात्र आत नेऊन टांगायचे.