मुकी पट्टी

"हे कोणी वाजवलं?" देविदासनं विचारलं आणि तो खुर्चीतून अर्धा उठलाच.

"कोणी न्हाई काका, कॉम्प्युटर वाजवून राहिला," वैजनाथ हसला. "आवाज तुमचाच हाय. मागच्या महिन्यात तुमच्या सिंथेसायझरची एकेक पट्टी दाबून भरून घेतला ना?"

साल दोन हजार सहा. देविदासचा लग्नांत वाजवायचा जुना सिंथेसायझर शेवटच्या घटका मोजत होता, सुटे भाग कुठं मिळत नव्हते. म्हणून हिंगोलीच्या या स्टुडिओवाल्यानं त्याचे सगळे आवाज कॉम्प्युटरात उतरवले होते. आज त्याच्या बंजारा तांड्याच्या गाण्यांची सीडी करायची होती.

आवाज तोच होता, थोडा घोगरा. पण चालीत एक सूर असा आला, की तो ऐकूनच देविदास उठला होता.

"ही पट्टी तर मुकी होती. बारा वर्सं."

"व्हय. शेजारच्या पट्टीचा आवाज ताणून तिथं बसवला. तुमच्या चालीत तिथं जागा रिकामी वाटली, म्हणून घातला तो सूर."

कनेरगाव नाक्याच्या एका लग्नात कुणीतरी सिंथेसायझरवर सरबत सांडलं होतं, तेव्हापासून ती पट्टी वाजत नव्हती. नवरी सासरी निघाली की तांड्यात बाया गळ्यात पडून ढावलो, निरोपाचं गाणं, गातात. त्यात नेमका तोच सूर लागे. ती पट्टी टाळायला गाणं वरून घेतलं तर बायांचा गळा पोचेना, खालून घेतलं तर गर्दीत ऐकू जाईना. मग देविदास तो सूर गाळूनच वाजवू लागला. त्याची काकी भिकाबाई, जिच्याकडून तो हे गाणं शिकला, ती तेव्हा भडकली होती. "नाचता येईना, अंगन वाकडं! माझं गानं लंगडं करून राहिला तू." पुढच्याच वर्षी ती गेली. बाया सिंथेसायझरच्या मागून गायला लागल्या आणि तांड्यातल्या पोरी एकामागून एक लंगड्या चालीवर सासरी गेल्या. त्याच्या स्वतःच्या दोघीही.

आणि हे आपण साफ विसरलो होतो, याचाच देविदासला खरा धक्का बसला. भिकाबाईच्या तोंडचं गाणं बारा वर्षांनी एका डब्यातून ऐकू आलं होतं, आणि ते तसं गाणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"काढून टाकू का तो सूर?" वैजनाथनं विचारलं. "तुमची चाल तशी न्हाई ना."

"नको. काकीची चाल तशीच हाय. सरक, म्या वाजवतो."

त्यानं कॉम्प्युटरला जोडलेला नवा कीबोर्ड पुढं ओढला. पहिल्यांदा बोट ती पट्टी ओलांडून गेलं. दुसऱ्यांदाही. चौथ्यांदा त्यानं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, तरी बोटानं उडी मारलीच.

"काहून तकलीफ घेता काका? कॉम्प्युटर बराबर वाजवते."

"काकीला हातानं वाजवून पायजे," देविदास म्हणाला. त्यानं मनगट सोडलं. मग म्हणाला, "तू असा इकडं ये. तेवढी एक पट्टी तू दाब. म्या मान हलवतो."

वैजनाथ शेजारी वाकून उभा राहिला आणि त्यानं पट्टीवर बोट टेकवलं. देविदास वाजवू लागला. ती जागा आली तसं त्यानं आपलं बोट उचलून धरलं आणि मान हलवली.